मोजणी

खोकला म्हणायचा, पण आवाज रानहंसाचा.
डॉक्टर सायमीने कागदावर नळी काढून दाखवली:
कड्या सैल झाल्यात, श्वास ओढला की छत खाली बसतं.
"बरा होणार नाही," ती म्हणाली, "पण जगेल."
आणि नाप्पी टेबलावर उभा,
तीन किलो, त्यातले निम्मे केस,
आपल्याविषयीच बोलणं चाललंय म्हणून शेपूट हलवत.

नाप्पी म्हणजे बटण.

गळपट्टा खुंटीवर गेला, घुंगरासकट.
आता छातीला पट्टा, पाण्याची वाटी विटेवर,
मेणबत्त्या बंद, अत्तर बंद,
आणि पाहुण्यांना दारातच ताकीद:
त्याला फार लाडावू नका.
आनंदानेच तो सगळ्यात जास्त गुदमरतो.

ताइस्तोला काही सांगावं लागलं नाही.
रात्री बर्फ ढकलायची गाडी घेऊन
तो ओउलूचे रस्ते मोकळे करत फिरतो,
पण निघण्याआधी फावड्याने
दारापासून बर्चपर्यंत एक वाट काढतो,
रुंदी बरोबर एका कुत्र्याएवढी.
सिगारेट कधी सुटली, कळलंच नाही.
राखेच्या डब्यात एके दिवशी खिळे दिसले.

झोपेतले श्वास मोजा, सायमी म्हणाली होती,
मिनिटाला तीसच्या आत हवेत.
म्हणून ही वही.
अंधारात मी मोजते, पायमोज्याचे टाके मोजावेत तसे,
एक निसटला की पुन्हा पहिल्यापासून.

फेब्रुवारी. उणे एकोणतीस.
घराची लाकडं थंडीने तडकत होती.
त्या रात्री ती हाक थांबेचना.
जीभ जांभळी, डोळे माझ्यावर,
जणू मीच काहीतरी विसरले होते.
उचलला. सौनात नेला.
शनिवारची ऊब दगडांत थोडी उरलेली.
पळीभर पाणी टाकलं, दगड नुसते सुस्कारले.
खालच्या बाकावर, झोपायच्या झग्यात,
त्याच्या छातीखाली तळवा धरून बसले
आणि बोलत राहिले काहीबाही:
बटाट्याचे भाव, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
खालच्या मजल्यावरची ती भांडकुदळ कोर्पेला.
कधीतरी हाकेची शिट्टी झाली,
शिट्टीचं घोरणं.
उठले तेव्हा बाकाच्या फळ्या मांड्यांवर उमटलेल्या.

एप्रिलमध्ये रानहंस परतले, नदीवरून, रांगेने.
नाप्पी अंगणात खोकला.
वरून कुणीतरी उत्तर दिलं.
"चुलत्यांनी ओळखलं," ताइस्तो म्हणाला,
आणि फावडं शेडमध्ये ठेवून आला.

वहीची पानं संपली म्हणून परवा मागे चाळत गेले.
माझे आकडे निळ्या शाईत: चोवीस. सव्वीस. चोवीस.
मधेमधे पेन्सिलीने, जाड बोटांचे,
कामावरून आल्यावर, पहाटे चारचे:
नाप्पी बावीस.
आणि त्याच्या खाली,
त्या फेब्रुवारीपासून रोज:
आउलिक्की चौदा.
आउलिक्की पंधरा.
आउलिक्की चौदा.