हातचा

रविवारही धरायचे.
नव्या पोरांना हे पटत नाही, म्हणून आधी तेच सांगते.
रविवार धरायचे,
हिमवादळाने कॉलेज बंद राहिलं ते दोन दिवस धरायचे,
तापात झोपून काढलेला मंगळवार धरायचा.
मार्चमधली नऊ दिवसांची सुट्टी तेवढी वगळायची.
उरतात एकशे आठ.
त्यातले जेवढे दिवस तू इथली होतीस
तेवढ्या टक्के मदत तू कमावलीस.
बाकीची परत.

एकोणीस वर्षं आहे मी या खिडकीत, डुलुथमध्ये.
इथून सरोवर दिसत नाही,
पण जहाज आलं की पुलाचा भोंगा ऐकू येतो.
हिवाळाभर तोही नाही.

टॅमसिन कोस्केला आली तो शुक्रवार, वीस मार्च.
बाहेर गाडी चालूच ठेवली होती,
आत आई, मांडीवर ब्लँकेट.
सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस.
सोमवार, बुधवार, शुक्रवार रसायनशास्त्र.
एवढंच म्हणाली. रडली वगैरे नाही.
मागे सातजण उभे होते.
मी फॉर्म घेतला, तारीख टाकली, शिक्का मारला.

हिशोब नंतर केला, जेवणाच्या सुट्टीत,
सूप निवत असताना.
एकोणसाठावा दिवस.
साठ टक्के ओलांडले की सगळे पैसे विद्यार्थ्याचे,
आणि ते ओलांडतात पासष्टाव्या दिवशी.
म्हणजे पुढच्या गुरुवारी.

मला नियम पाठ आहे.
शिक्का आधी मारला, बोटं नंतर मोजली,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
“गुरुवारी ये गं” एवढे दोन शब्द,
आणि त्यासाठी मला वर मान करावी लागली असती.

तीन हजार दोनशेतून
सतराशे सत्तेचाळीस डॉलर वीस सेंट वजा.
शून्यातून काही जात नाही,
शेजाऱ्याकडून हातचा घ्यावा लागतो,
त्याच्याकडेही शून्यच, तो पलीकडे मागतो,
असं मागत मागत शेवटी
एका बऱ्या घरी पोचतो आपण.
चौदाशे बावन्न, ऐंशी सेंट.
कॉलेज ते सरकारला आधी भरतं
आणि मग पोरीला पत्र पाठवतं.
पत्रावर सही माझी.

पत्र घेऊन ती पुन्हा आली.
वाद घातला नाही. विचारलं,
“मोल म्हणजे काय ते मला कळलं होतं.
ते ठेवलं तर चालेल?”
मी हसले. ती हसली नाही.
मग पिशवीतून प्रयोगशाळेचा चष्मा काढला,
पट्टीवर चिकटपट्टी, त्यावर कोस्केला,
“हेही परत द्यायचं असेल ना?”
तो तिने स्वतः विकत घेतलेला होता.
तरी काउंटरवर ठेवून गेली.

त्या गुरुवारी मोसमातलं पहिलं जहाज आलं.
भोंगा वाजला. खिडकीत कुणी नव्हतं.

महिन्याला चाळीस डॉलर ठरले.
रात्री बेकरीत काम, दिवसा आई.
चेक येत राहिले, कधी पिठाच्या बोटांचे,
आणि ‘कशासाठी’ या रेघेवर
तिच्या उभट अक्षरात दर वेळी: रसायनशास्त्र.
एका नोव्हेंबरात चेक आला नाही.
डिसेंबरात दोन आले,
त्यातल्या एकावर रेघ कोरी.
आई गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं.

सदतिसावा चेक बारा डॉलर ऐंशी सेंटचा.
मी खातं बंद केलं. बाकी शून्य.
चष्मा अजून माझ्या खणात आहे,
स्टेपलरच्या मागे.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
मला माहीत नाही.
कधीकधी घालून बघते.
काच थोडी चरलेली आहे,
पण रांग स्पष्ट दिसते,
एकेक चेहरा.

हल्ली शिक्का मारण्याआधी विचारते:
घाई आहे का?
बस खाली, मी जरा बोटं मोजते.