खटका

खटका पोटाखाली.
चार किलोचा रणगाडा उचलायचा, पालथा घालायचा,
दोन पट्ट्यांच्या मधे करंगळी सारायची,
तेव्हा कुठं तो चालू होतो.
"खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी म्हणत्यात,"
दफेदार हिंदुराव भोगम बोलले,
"हितं आधी पलटी, मग बोट. उलटंच की सगळं."

त्यांची बोटं आता कापतात.
एकदा हातून निसटला, तोफेची नळी वाकली,
तसाच पोत्यात गुंडाळून माझ्या काउंटरवर आणून ठेवला,
आजारी कोंबडीसारखा.

उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
पंपाच्या जळक्या मोटरी, तांब्याची तार, वार्निशचा वास.
खेळण्याचं काम मी घेत नाही.
पण याच्या पट्ट्याची एकेक कडी
त्यांनी कानस मारून बसवलेली,
आणि बुरुजावरचा नंबर
त्यांच्या जुन्या गाडीचा.

"लांबनं चालू व्हाय पाहिजे," म्हणाले.
"आणि लांबनंच बंद."

चालू करणं सोपं. बंद करणंही.
अवघड ते त्याच्या नंतरचं.
सगळंच बंद झालं
तर पुढची हाक ऐकायची कुणी?
म्हणून आत एक रिसीव्हर कायम जागा ठेवावा लागतो.
दिवा नाही, आवाज नाही,
दोन मिलिअँपिअर पीत
बसून असतो.

हे समजावलं तर मान हलवत म्हणाले,
"आमचंबी तसंच. रात्री इंजिन बंद,
तिघं वाळूत आडवे, चौथा सेटवर.
येत काय नसायचं. नुसती खरखर.
त्या खरखरीचा पगार."
मग दुकानात कुणी नाही बघून:
"एकोणीस वर्षांत माणसावर एक गोळा टाकला न्हाई मी.
गल्लीत सांगू नको."

रिले बसवला, टाके मारले, झाकण आवळलं.
त्याच रात्री साडेअकराला
समोरच्या फौंड्रीत कुणी क्रेनचा रिमोट दाबला
आणि माझ्या कुलूपबंद दुकानात
रणगाडा उठला.

वॉचमन लगमाण्णाचा फोन:
"ताई, शटरखालनं दोन डोळे दिसाय लागल्यात.
आणि गुरगुरतंय."
मी गाऊनवर जर्किन चढवून स्कूटर काढली.
शटर वर केलं तर तारेच्या कचऱ्यात तो उभा,
दिवे लागलेले, इंजिनाची घरघर,
कुणी काही सांगेल म्हणून बुरुज
थोडा डावीकडं, थोडा उजवीकडं.
लगमाण्णा माझ्या मागं, हातात काठी.
म्हणाला, "मारू?"

बंद करायच्या आधी दफेदारांना फोन लावला.
का, ते आता सांगता येणार नाही.
पहिल्याच रिंगला उचलला आक्काताईंनी.
"ते झोपलेत. कानातलं काढून ठेवलंय,
आता खरी तोफ लावलीस तरी उठायचे न्हाईत."
जरा थांबल्या.
"चालू झाली का गाडी?"
झाली, म्हटलं.
"मग बंद कर बाई. सेल उतरंल."

कोड बदलला. क्रेनचं क्रेनला, ह्याचं ह्याला.
रविवारी दोघं आले.
रस्त्याच्या त्या टोकाला दफेदार, ह्या टोकाला रणगाडा,
मधे ऑइलचे डाग आणि एक झोपलेलं कुत्रं.
बटण दाबलं. दिवे लागले.
दाबलं. विझले.
मला वाटलं आता चालवतील.
चालवला नाही.
लावायचे, विझवायचे,
दर खेपेला मधे थोडा जास्त वेळ घेऊन,
अंधारात तो अजून आहे ना
हे बघितल्यासारखे.

मागं कास्टिंगचा टेम्पो येऊन थांबला.
ड्रायव्हरनं हॉर्न मारला, परत मारला,
मग हातच ठेवला हॉर्नवर.
कुत्रं उठून गेलं.
दफेदारांना पत्ता नाही.

आक्काताईंनी जाऊन नुसता खांद्याला हात लावला,
तसे बाजूला झाले.