कमी मोजलेलं

बत्तीस वर्षं मान खाली.
लाजेनं नाही, सुपापायी.
मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा,
फर्मा ठेवायचा, कापायचं, वळायचं, तोंड दाबायचं,
आणि परत.
हजार झाल्या की दिवस संपतो.
दिवस संपला म्हणून हजार होत नाहीत.

मग मान अडकली.
कन्ना चौकात मागून कुणी हाक मारली
तर मी अख्खी वळायची,
पायांसकट, बैलगाडीसारखी.

दवाखान्यात हत्तुरेंची शिवलीला, नातीच्या वयाची.
तिनं डोळ्यांवर काळा डबा बांधला,
त्याला चष्मा म्हणतात म्हणे.
आत आधी अंधार, मग एकदम तळं.
आपलं सिद्धेश्वराचं नव्हे,
कुठलं तरी परकं, काठाला एक पिशवीसुद्धा तरंगत नव्हती.
पाण्यावर निळं पाखरू.
"त्याच्या मागं जा, आजी. खुर्चीतून उठायचं नाही, नुसती मान."

पाखरू डाव्या खांद्यावरून निघालं.
रोज जिथं कळ यायची
तिथं मी श्वास धरून बसले.
कळ आली नाही. पाखरू पुढं गेलं.
मीही गेले.

सहा आठवडे, मंगळवार-शुक्रवार,
रिक्षाचे पैसे वेगळे, बुडलेल्या विड्या वेगळ्या.
दुखणं गेलं म्हणणार नाही.
मागं सरकलं,
गर्दीत एखादं माणूस सरकून जागा देतं, तेवढं.

शेवटच्या शुक्रवारी पोरगी म्हणाली,
"आजी, मी तुम्हाला फसवत होते.
तुमची मान पन्नास अंश वळायची,
डब्यातलं तळं चाळीसच वळायचं.
कधीकधी मानेच्या आधी डोळेच घाबरतात,
म्हणून त्यांना कमी सांगितलं."

मी हसले. इतकी की तिनं पाणी आणलं.
तिला काय सांगू,
ब्रँचमधला मल्लेशम हजारातल्या साठ छाटात टाकतो,
नऊशे चाळीस लिहितो,
आणि त्या साठही परत देत नाही.
कापडाच्या दुकानात मीटर कमी,
रेशनला किलो कमी.
जन्मभर मला कमीच मोजलं सगळ्यांनी.
कमी मोजून माझ्याच पदरात टाकणारी
ही पहिली.

घरी आले. उजेडाला तोंड करून दारात बसले.
पत्रा तापलेला, पंखा नुसता आवाजाला.
सूप घेतलं. दहा-बारा वळल्या.
मग मान वळवली, पाय न हलवता,
पाखरू नसताना.

मागं भिंतीशी सून. रामेश्वरी.
अकरा वर्षं माझ्या पाठीमागंच बसते ती,
मला वाटायचं ऐकू येते म्हणजे दिसते.
कात्रीचा आवाज, बांगड्यांचा आवाज.
मान सुपात. मणका वर आलेला,
ब्लाऊजच्या वर, लिंबाएवढा.

"किती राहिल्यात गं?"
"बघा की अत्ता, मला मोजवत नाही आता."

मी वाकून बघितलं.
अडीचशे तरी असतील.

"शंभर," म्हटलं. "शंभरच. ऊठ जरा,
वर बघ."