रानातल्या मुक्कामाला येताना

व्यंकम्मा, तंबू नसला तरी ये.
चादरी मात्र दोन आण,
एक तुला, एक दरवर्षी विसरणाऱ्याला.

कडक भाकरी फडक्यात बांध.
शेंगाचटणीचा डबा घट्ट लाव,
मुंग्यांना आपल्याआधी पत्ता लागतो.

पाणी टँकरचं, तांब्या ज्याचा त्याचा.
बाभळीखाली अंथरू नकोस.
खड्डा चुलीपासून शंभर पावलं, उताराला,
आणि फावडं जागच्या जागी ठेव;
त्यावरून मागच्या साली अंबादास आणि मी
नान्नज ते सोलापूर
एका टमटममध्ये बसून बोललो नाही.

बॅटरी कुणाच्या तोंडावर मारू नकोस.
चारशे माणसं गवतात निजलेली असतात.

मागाचा खडखडाट नसला की
मला पहिल्या रात्री झोप लागत नाही.
तुलाही नाही लागली
तर चुलीकडे ये.
राख पहाटेपर्यंत कोमट असते.