एकशे सदतीस

शालीत गुंडाळलेलं प्लास्टिकचं स्टिअरिंग
स्टासेबाईंनी काउंटरवर ठेवलं
आणि शाल तेवढी लगेच परत घेतली.
काउनास शहर, जानेवारी, चार वाजता अंधार.
दुकानासमोर ट्रॉलीबस उजव्या फुटपाथला लागते,
दांडा तारेवर ठिणगी पाडतो, दार उघडतं, मिटतं.

"चालत नाही," त्या म्हणाल्या.
चालत होतं. जुन्या संगणकाशी वीस वर्षं नांदलं.
नाताळात नातवाने नवा आणला,
जुना भंगारात दिला, न विचारता,
कौतुकाने.

रिमविदासने वायर जोडली. पिवळा त्रिकोण आला:
अनोळखी उपकरण. ड्रायव्हर उपलब्ध नाही.

त्यांच्या भाषेत याला दोन शब्द आहेत.
बस हाकतो तो वेगळा,
यंत्राचं म्हणणं यंत्राला समजावतो तो वेगळा.
आपल्याकडे एकच, म्हणून मी इथे अडते:
प्रानास एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवायचा.
रिटायर झाल्यावर हे चाक
जेवणाच्या टेबलाला शिकंज्याने आवळून बसायचा,
सूप गार होईपर्यंत.
नोव्हेंबरात गेला.
ड्रायव्हर उपलब्ध नाही.

कंपनी दोनदा विकली गेलेली.
तिसऱ्या मालकाच्या दप्तरी या चाकाचं नावही नाही.
खोक्यात सीडी निघाली, वर कपाचं तपकिरी वर्तुळ,
आतला ड्रायव्हर बत्तीस बिटांचा;
नव्या सिस्टिमने त्याला उंबऱ्यावरूनच परत धाडलं.

मग रिमविदास रात्री एकटा बसला.
चाक बोटभर फिरवायचं, वायरीतून काय येतं ते वहीत उतरवायचं.
पुरतं डावीकडे शून्य.
पुरतं उजवीकडे दोनशे पंचावन्न.
ब्रेक उलटा मोजतो, का ते देव जाणे.
हात सोडला की मधोमध, एकशे अठ्ठावीस यायला हवं.
आलं एकशे सदतीस.
पुन्हा फिरवलं, पुन्हा सोडलं.
एकशे सदतीस.
स्प्रिंग दमली असेल, तो स्वतःशी म्हणाला,
आणि दीडशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये
नऊ वजा करणारी एक ओळ घालून
चहा टाकायला उठला.

सिस्टिम अजून अडून होती: या ड्रायव्हरवर सही नाही.
"कोणाची लागते?" दुसऱ्या दिवशी स्टासेबाईंनी विचारलं.
"मोठ्या कंपन्यांची."
"माझी पेन्शनला चालते."
"इथे नाही चालत."
तेव्हा दर वेळी संगणक सुरू करताना
कुठली बटणं कोणत्या क्रमाने दाबायची
ते त्याने ठसठशीत अक्षरात लिहून दिलं.
त्यांनी चिठ्ठी वाचली,
पेन मागितला, खाली सही केली.
उगाच.

मग गेम लावला. लाल गाडी, पाइनची झाडं, कुठलाच देश नसलेला रस्ता.
त्यांनी चाक धरलं, थोडं चालवलं, सोडलं.
गाडी नाकासमोर जात राहिली.
"हे त्याचं नाही."
"बाई, सरळ जातेय."
"तेच सांगते. त्याची जायची नाही.
हात सुटला की उजवीकडे, कडेला.
मी ओरडायचे, अरे, शर्यत आहे,
इथे कोण चढणार आहे तुझ्या गाडीत?"

रिमविदासने चष्मा कपाळावर सरकवला.
खिडकीतून बाहेर बघितलं, जरा वेळ, थांब्याकडे.
मग ती ओळ शोधली. पुसली.
पुन्हा सगळं बंद, पुन्हा सुरू,
चिठ्ठीबरहुकूम बटणं.

स्टासेबाईंनी हात सोडला.
लाल गाडी रेंगाळत उजवीकडे झुकली,
पांढरी रेघ ओलांडून गवताला लागली,
कठड्याशी थांबली. इंजिन घुरघुरत राहिलं.
मागच्या सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या.

दोघंही काही बोलले नाहीत.
मग त्यांनी शाल उलगडली,
"किती झाले?" म्हणाल्या.