उलट बाजू

कुओपिओत तीन वाजताच अंधार.
तौनो कात्रणं लावत बसलाय.
सूप एका खोक्यात, मासे दुसऱ्यात,
काळ्या पावाचे सात प्रकार,
इर्यानं केला कायम एकच, तिच्या आईचा.

समासात पेन्सिल:
‘मीठ फार. त्याला आवडेल.’
‘लोणी परवडलं तर.’

एक कात्रण अर्धवट.
ओव्हन दोनशेवर, मग साखर, मग
कात्रीनं वाक्यच तोडलंय.
इतकी धांदरट ती नव्हती.

तो उलटून बघतो.
तालिनची बोट, दोन रात्री, दोघांचं भाडं,
साल चौऱ्याण्णव.
चारही कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ.

कधी बोलली नाही.
बोललीही असेल,
बातम्या चालू असताना.

किटली शिट्टी घालून घालून थकते.
तो कात्रण माशांत ठेवतो,
पुन्हा काढतो.