वजा एक

माझ्या टेपचा पहिला इंच केव्हाच गेला.
मशीनच्या पायाखाली आला की उंदराने नेला,
कुणास ठाऊक. मी एकावरून धरते
आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करते.
सव्वीस वर्षं.
मानेवाड्याच्या निम्म्या बायका
याच वजाबाकीत नीट बसल्या आहेत.

छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर,
गळा पुढून किती, मागून किती.
डोकं कधी मोजलं नव्हतं.
झबल्यासोबत टोपडं शिवायचे, तेसुद्धा अंदाजाने.

सोनकुसरे फोनवर म्हणाले,
"तीन मापं पाठवा ताई.
कानांच्या वरून गोल,
कपाळापासून मानेच्या खळगीपर्यंत,
आणि या कानापासून त्या कानापर्यंत, टाळूवरून.
टेप आवळू नका. खाली एक बोट गेलं पाहिजे."
मी ब्लाउजला दोन सांगते.

ते झाडीपट्टीच्या नाटकांना विग पुरवतात.
होळी झाली की नाटकं बंद,
मग उन्हाळाभर आम्ही.

मेची दुपार. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं,
दुकानाचा पडदा ओढला, रुमाल सोडला.
वाळ्याचा ओला वारा थेट टाळूला लागला
आणि मला हसूच आलं.
सेहेचाळीस डिग्रीत अख्ख्या नागपुरात
आत्ता माझ्याइतकं गार कोणी नसेल.

ट्रायल रूमच्या आरशासमोर टेप कानांवरून मागे नेली.
बोटाला एक बारीक खाच लागली.
लहानपणी गोठ्याच्या फाटकावर आपटले होते,
चार टाके पडले होते म्हणे.
एवढी वर्षं केसांखाली होती,
कुण्या कंपाउंडरची शिवण. सरळ घातलेली, बरीच.

तेवीस. चौदा. साडेबारा.
गिऱ्हाइकांच्या वहीत नवं पान घेतलं,
वर नाव: सुलभा टेंभुर्णे.
खाली डिलिव्हरीची तारीख लिहायची सवय,
तिथे पेन जरा थांबलं.

मस्कासाथच्या गल्लीत, अरुंद जिन्यावर, त्यांचं दुकान.
थर्माकोलची डोकी ओळीने:
राजा, राक्षस, एक जटाधारी, एक नुसती शेंडी,
आणि त्यांच्यात खांद्यापर्यंतची मी.
घातला. बरा दिसला.
पायातली चप्पल नीट करायला वाकले
आणि तो भुवयांवर आला.

सोनकुसऱ्यांनी स्वतः मोजलं.
"बावीस आहे ना बाई!
तुम्ही तर टेलर, असं कसं होऊन राह्यलं?"

बाकी दोन्ही मापं बरोबर होती.
त्यांच्यातून एक वजा केलाच होता.
गोलातून मात्र राहिला.

"आणा इकडे, मागून कापून देतो.
दहा मिनटाचं काम."
"कापू नका," मी म्हटलं.

शाळा उघडायच्या आधी बायका पोरींना घेऊन येतात.
वाढत्या अंगाचं शिवा हो, माया जास्त ठेवा.
मी ठेवते. आत दुमडून, कच्च्या टाक्यांनी,
एका ओढीत उसवतील असे.

त्यांच्याच स्टुलावर बसले, सुई मागितली,
विग उलटा केला. आतली जाळी
मच्छरदाणीसारखी, हाताला खरखरीत.
मानेच्या वर अर्धा इंच इकडून, अर्धा तिकडून,
एक चिमटा घेतला.
काळा दोरा संपला होता. लाल घातला,
आतून कोण बघतं.

सोनकुसरे चहा ओतत बघत होते.
"डोकं कुठं वाढते बाई आता?"
मी दोरा दाताने तोडला.

पुन्हा घातला, वाकले, उठले. हलला नाही.

रात्री वही उघडली.
तेवीस खोडलं नाही.